विसराळू खिडक्या

विंडोज एक्सपी ह्या प्रणालीवर चालणाऱ्या कचेरीतील संगणकासमोर ज्यांनी आयुष्याची काही वर्षे घालविली आहेत, त्यांना एक दृश्य खचित आठवत असेल. एखादा कार्यक्रम मध्येच गोठे. त्याच्या खिडकीवर दुसरी एखादी लहान पेटी असली आणि ती उंदराने धरून इकडून तिकडे ओढली, की तिच्यामागे तिचीच शेकडो ठसे उमटल्यासारखी एक रांग पडद्यावर राहत असे. तक्रार लिहिण्यास बसावे आणि बोटाची शाई सगळ्या कागदभर व्हावी, तसा प्रकार. कचेरीत नव्याने दाखल झालो तेव्हा आम्हांला वाटले, की यंत्रास काही आजार जडला आहे. शेजारच्या मेजावरील अनुभवी गृहस्थांचा उपाय एकच असे: बंद करा आणि पुन्हा सुरू करा. उपाय गुणकारी होता; परंतु असे का होते, हे त्यांनाही ठाऊक नव्हते.

पुढे जिज्ञासेपोटी ह्या विषयाचे जे थोडेबहुत वाचन आमच्या हातून घडले, त्यावरून कारण कळले, आणि ते कळल्यावर आम्हांला मोठे नवल वाटले. संगणकाच्या पडद्यावरील खिडकी विसराळू असते. तिच्यावर दुसरी खिडकी आली, की झाकलेल्या भागात काय होते ते तिला मुळीच स्मरत नाही. वरची खिडकी दूर होताच खालचा भाग पुन्हा पहिल्यापासून रंगवावा लागतो, आणि हे रंगकाम करण्याची जबाबदारी ज्या कार्यक्रमाची ती खिडकी, त्या कार्यक्रमाची असते. तो कार्यक्रम गोठला असेल तर रंगविणारा कोणी उरत नाही, आणि वरच्या पेटीचे ठसे तसेच राहतात. आपल्या पूर्वजांनी खिडकीला गवाक्ष म्हटले, म्हणजे बैलाचा डोळा. वातायन म्हटले, म्हणजे वाऱ्याची वाट. दोन्ही नावांत खिडकीने काही लक्षात ठेवावे अशी अपेक्षा नाही. ह्या बाबतीत तरी संगणकाची खिडकी परंपरेस धरून आहे, असे म्हणावयास हरकत नसावी.

हा विसराळूपणा आला दारिद्र्यातून. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात 1973 साली 'आल्टो' नावाचा संगणक सिद्ध झाला. त्याच्या उभ्या पडद्यावर रुंदीत 606 आणि उंचीत 808 ठिपके होते. म्हणजे एकूण 4,89,648. प्रत्येक ठिपका काळा की पांढरा एवढे नोंदवून ठेवावयाचे म्हटले तरी 61,206 बाइट लागतात. आणि यंत्राची सारी स्मृती 128 किलोबाइट, म्हणजे 1,31,072 बाइट. एका पडद्याचे चित्र सांभाळण्यातच जवळजवळ निम्मी शिल्लक खर्ची पडावयाची. मग एकावर एक पाच खिडक्या असतील, तर प्रत्येकीचे संपूर्ण चित्र वेगळे जपून ठेवणे कोणाच्या आवाक्यातले होते? तेव्हा चित्र जपावयाचे नाही, चित्र ज्यापासून निघते ते मूळ द्रव्य तेवढे जपावयाचे, आणि वेळ येईल तेव्हा चित्र पुन्हा काढावयाचे, अशी रीत पडली. वाचकांनी हे वाक्य लक्षात ठेवावे. ह्या लेखाचा सारा भार त्यावर आहे.

ह्याच केंद्रात 1979 च्या डिसेंबरात ॲपल कंपनीची मंडळी पाहुणी म्हणून आली. त्यांत बिल ॲटकिन्सन हे होते. एकमेकांवर चढलेल्या खिडक्या त्यांनी पाहिल्या आणि त्यांची अशी समजूत झाली, की अर्धवट झाकलेल्या खिडकीचा जो तुकडा दिसत असतो, तेवढाच तेथे आपोआप रंगविला जातो. वस्तुतः आल्टोवर तसे काही होत नव्हते; मागील खिडकी पुढे आणल्यावर ती सबंध रंगविली जाई, इतकेच. परंतु जे एकदा कोणी केले आहे ते आपल्यालाही करता आले पाहिजे, ह्या विश्वासाने त्यांनी ते खरोखरच साधले. वेड्यावाकड्या आकाराच्या क्षेत्रांची बेरीज, वजाबाकी आणि छेद झटपट काढण्याची त्यांची युक्ती 1983 च्या लिसा संगणकात आणि 1984 च्या मॅकिंटॉशमध्ये उतरली. मॅकिंटॉशचीही स्मृती 128 किलोबाइटच होती. पडदा मात्र 512 गुणिले 342 ठिपक्यांचा, म्हणजे 21,888 बाइटांचा. ह्या कामाच्या दिवसांत त्यांच्या मोटारीस अपघात झाला आणि ते इस्पितळात असताना स्टीव्ह जॉब्झ भेटावयास आले, तेव्हा क्षेत्रांची युक्ती अजून आपल्या ध्यानात आहे असे सांगून ॲटकिन्सन ह्यांनी त्यांना निश्चिंत केले, अशी हकीकत सांगतात. खिडकीस स्मृती नाही, म्हणून ती माणसाने बाळगावयाची! ॲटकिन्सन 2025 च्या जून महिन्यात निवर्तले. गैरसमजुतीतून एवढे मोठे कार्य घडल्याची उदाहरणे इतिहासात फार नसतील.

मायक्रोसॉफ्टची विंडोज 20 नोव्हेंबर 1985 रोजी बाहेर पडली. तिला निदान 256 किलोबाइट स्मृती लागे. पहिल्या आवृत्तीत खिडक्या एकमेकींवर चढत नसत, फरशा बसवाव्या तशा शेजारी-शेजारी बसत. 1987 च्या दुसऱ्या आवृत्तीपासून त्या एकमेकींवर चढू लागल्या. ह्या प्रणालीतील रंगकामाचा जो शिरस्ता आहे, तो वाचताना आम्हांस राहून राहून आपल्याच कचेरीचा भास झाला. खिडकीचा एखादा भाग उघडा पडला, की प्रणाली तेवढा भाग रद्दबातल झाल्याची नोंद करते. पण लगेच रंगवावयास लावीत नाही. कळफलकाची, उंदराची आणि इतर तातडीची टपाले आधी निकालात निघतात. टपालाची पेटी रिकामी झाली, की मग 'रंगवा' असा संदेश कार्यक्रमास पोहोचतो. दरम्यान आणखी दहा तुकडे रद्द झाले असतील, तर दहा संदेश येत नाहीत. सगळे एकाच प्रकरणात जोडले जातात. कार्यक्रमाने काम हाती घेतल्याचे विधिपूर्वक कळविले, म्हणजे ते प्रकरण मिटते. न कळविता नुसतेच रंगवून मोकळा झाला, तर प्रणालीच्या दृष्टीने काही झालेलेच नसते. ती पुन्हा तोच संदेश पाठविते, आणि पुन्हा, आणि पुन्हा. काम केले पण जावक क्रमांक घातला नाही, अशा प्रकरणांची स्मरणपत्रे ज्यांनी झेलली आहेत, त्यांस अधिक विवरण नको.

आता खिडकीतील अवयवांकडे वळू. बटण, यादीची पेटी, मजकूर भरण्याची चौकट, सरकपट्टी ही सारी विंडोजच्या हिशेबी खिडक्याच होत. फक्त लहान, आणि दुसरीच्या अंगावर वाढलेल्या. त्यांचे रंगकाम प्रणाली स्वतः करते, म्हणून शेकडो कार्यक्रमांतील बटणे सारखी दिसतात. परंतु ज्याला वेगळे रूप हवे असेल त्याच्यासाठी एक वाट ठेवली आहे: 'हे बटण मालक स्वतः काढील' असे जाहीर करावयाचे. मग प्रणाली आधी विचारते, तुमची वस्तू किती लांबरुंद? आणि पुढे वेळोवेळी कळविते, ही जागा, ही अवस्था, काढा. अवस्था म्हणजे ते निवडलेले आहे की नाही, चालू आहे की बंद, कळफलकाचे लक्ष त्याच्यावर आहे की नाही. ज्याने रंगकाम अंगावर घेतले, त्याने हे सारे अंगावर घेतले. लक्ष दाखविणारी ठिपक्यांची चौकट तर अशी मौजेची आहे, की ती पुन्हा एकदा त्याच जागी काढली म्हणजे पुसली जाते; हिशेब चुकला की चौकट भलत्या वेळी दिसते. सारे पुसून मग नव्याने काढले तर पडदा लुकलुकतो. म्हणून आधी आडोशाला स्मृतीत चित्र पुरे करावयाचे आणि मग एकदम पडद्यावर ठेवावयाचे. परदेशातील कार्यक्रमकर्त्यांनी ही वाट बहुधा हौसेसाठी वापरली: रंगीत बटणे, यादीत चित्रे, गोल कोपरे. आपल्याकडे तिचे प्रयोजन निराळे होते. आपली अक्षरे काढण्यास दुसरी वाट फारशी नव्हती.

ह्याचा उलगडा होण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. खिडक्यांच्या आधीच्या काळात पडद्यावर 80 रकाने आणि 25 ओळी एवढाच पसारा असे. कानपूरच्या आय. आय. टी. मध्ये प्रा. आर. एम. के. सिन्हा आणि मोहन तांबे प्रभृतींनी भारतीय लिपींसाठी जे काम केले, त्यातून 'जिस्ट' हे तंत्र निघाले आणि 1988 साली पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेत ते वाढले. जिस्टचे कार्ड संगणकात बसविले, की इंग्रजीसाठी लिहिलेले कार्यक्रम देवनागरी दाखवू लागत. कार्यक्रमास ह्याची वार्ताही नसे. तो क्रमांक लिही, कार्ड त्या क्रमांकांचे अक्षर काढी. हे क्रमांक उच्चाराच्या क्रमाने असत: 'कि' म्हणजे आधी क, मग ऱ्हस्व इकार, डोळ्यांस वेलांटी आधी दिसते म्हणून ती आधी लिहावयाची नाही. ह्याच पायावर भारतीय मानक संस्थेने 1991 साली आय. एस. 13194 हे मानक, म्हणजे 'इस्की', प्रसिद्ध केले. सगळ्या ब्राह्मी-संभव लिपींस एकच क्रमांक. 'क' मराठीतला असो की कन्नडातला, नोंद एक, चित्रे दोन. आमच्या मते गेल्या शतकात भारतीय लिपींविषयी जे विचार झाले, त्यांत ह्याहून शहाणा विचार विरळा.

परंतु खिडक्या आल्या आणि कार्डाची जादू ओसरली. आता प्रत्येक कार्यक्रम आपली खिडकी स्वतः ठिपक्याठिपक्यांनी रंगवू लागला. अक्षरांपुढे प्रणालीस ठाऊक होते ते एवढेच, की एक क्रमांक म्हणजे एक चित्र, आणि चित्रे डावीकडून उजवीकडे. जोडाक्षर, रफार, मागे येऊन आधी बसणारी वेलांटी, ह्यांचे तिला ज्ञान नव्हते. तेव्हा व्यवहारी माणसे जे करतात ते झाले. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसविले गेले: अर्धा क, काना, वेलांटी, रफार. ह्या तुकड्यांतून मजकूर जुळवावयाचा आणि प्रणालीला समजू द्यावयाचे, की आपण रोमनच लिहीत आहोत. पुण्याची श्रीलिपी, बंगळूरच्या सायबरस्केप मल्टिमीडियाची आकृती आणि इतर अनेक संचांनी ही सोय केली, आणि 1990 ते 2000 ह्या दशकातील कितीतरी मराठी छपाई त्यांच्या बळावर उभी राहिली, हे कृतज्ञतापूर्वक नमूद केले पाहिजे. आकृतीकारांनी पुढे अनेक भारतीय लिपींचे आपले फॉण्ट मुक्त परवान्याखाली खुले केले, हेही विसरता येत नाही. मात्र प्रत्येक घराण्याने तुकडे आपापल्या क्रमाने बसविले. एकाच्या फॉण्टमधील काना दुसऱ्याच्या फॉण्टमध्ये उकार होई.

मजकुराच्या पानावर हे चालले. खिडकीच्या बाकी भागांत चालेना. विंडोज 95 मध्ये मेनूचा फॉण्ट बदलता येई. पण तेथे असा फॉण्ट नेमला, की इतर सर्व कार्यक्रमांचे इंग्रजी मेनूही देवनागरी तुकड्यांचा काला होऊन समोर येत. म्हणून ज्याला मराठी मेनू हवा, त्याने तो 'मालक काढील' ह्या वाटेने एकेक ओळ स्वतः काढावयाचा. त्यातही यादीच्या ओळीची उंची इंग्रजी अक्षरांच्या बेताची. 'र्की' ची मात्रा वर आणि 'कू' चा ऊकार खाली कापला जाई. मापाचा संदेश आला की उंची वाढवून सांगावयाची, हा ह्या धंद्यातील पहिला धडा होता. पंधरा वर्षे मराठीला खिडकीच्या आत बसण्यास जागा मिळाली. चौकटीवर आपले नाव लिहिण्यास मिळाली नाही.

आम्ही ज्या शहरात बसून हे लिहीत आहो, त्याची ह्या इतिहासातील जागा चमत्कारिक आहे. विंडोज निघाली त्याच 1985 साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरात बस्तान मांडले; पुण्यात 1981 साली जन्मलेली इन्फोसिस त्याआधी दोनच वर्षे येथे येऊन राहिली होती. जगभरच्या पेढ्यांच्या आणि दुकानांच्या खिडक्या ह्या शहरात रंगविल्या गेल्या. परंतु कन्नडाची कथा आपल्याहून निराळी झाली नाही. 1998 साली शेषाद्रिवासू ह्यांचे 'बरह' आले. बंगळूरच्या कन्नड गणक परिषदेने राज्य शासनासाठी 'नुडि' सिद्ध केली, जिचा कळफलक के. पी. राव ह्यांच्या रचनेवर आधारलेला आहे. तेथेही तुकड्यांचेच फॉण्ट, आणि पुढे तीच रूपांतराची यातायात. आमच्या एका कन्नड सहकाऱ्यास आम्ही मराठीची ही कर्मकहाणी सविस्तर ऐकविली, तेव्हा त्याने चहाचा पेला खाली ठेवून दोनच शब्द उच्चारले: "अदे कथे." तीच गोष्ट.

उपरती 2000 साली झाली. 17 फेब्रुवारीस निघालेल्या विंडोज 2000 मध्ये देवनागरीची जुळणी करणारे यंत्र प्रथमच प्रणालीच्या पोटात आले. युनिकोड मानकाने भारतीय लिपींची मांडणी इस्कीच्या 1988 च्या आराखड्यावरून उचलली होती. म्हणजे नोंद पुन्हा उच्चाराच्या क्रमाने, आणि चित्र काढणे प्रणालीकडे. ह्या आवृत्तीसोबत 'मंगल' हा देवनागरी फॉण्ट आला, तो सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी ह्यांच्या हातचा. मराठीस तो सर्वांशी रुचला असे नाही. पण खिडकीच्या चौकटीवर मराठी अक्षरे पहिल्यांदा उमटली ती त्याच वळणाची. आणि एक गंमत. 'आचाऱ्याला' आणि 'आचार्याला' ह्यांतील जो भेद मराठी माणसास पोटच्या काळजीने जपावा लागतो, त्यातील चंद्रकोरीसारखा र युनिकोडमध्ये 'ऱ' ह्या अक्षरावरून निघतो. आणि मानकात हे अक्षर द्राविडी भाषांतील एका रकाराचे लिप्यंतर करण्यासाठी म्हणून नोंदलेले आहे. आपल्या सुऱ्या, दऱ्या आणि वारे अंगावर घेणारी माणसे दक्षिणेच्या एका अक्षराच्या घरी भाड्याने राहतात, हे ह्या शहरात राहून कळावे, ह्यात औचित्य आहे.

विसराळूपणाही पुढे बराचसा संपला. 30 जानेवारी 2007 रोजी बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून प्रणाली प्रत्येक खिडकीचे संपूर्ण चित्र बाजूस जपून ठेवू शकते आणि त्या चित्रांची पडद्यावर मांडणी करते. स्मृती स्वस्त झाली. वरची पेटी हलविली तरी खाली रंगकामाचा संदेश जात नाही. ठशांची ती रांग आता दिसत नाही. परंतु दारिद्र्याच्या दिवसांनी लावलेली शिस्त, की चित्र नव्हे, द्रव्य जपावे, ती कार्यक्रमांच्या अंगवळणी पडली होती. आपल्या मजकुरांच्या बाबतीत मात्र त्याच काळात नेमके उलट घडले. आपण चित्राचे तुकडे जपले.

हे आम्हांस पुस्तकातून कळले नाही. दोन वर्षांमागे येथील एका मराठी कुटुंबातील बाई एक तबकडी घेऊन आल्या. त्यांचे वडील केंद्र सरकारच्या सेवेत होते. निवृत्तीनंतर 1997 च्या सुमारास त्यांनी आपल्या बदल्यांच्या आठवणी घरच्या संगणकावर स्वतः टाइप केल्या होत्या. छापील प्रत वाळवीने खाल्लेली. तबकडी उघडली तर रोमन अक्षरे, चलनांची चिन्हे आणि माथ्यावर टिंबे असलेली परकी अक्षरे, अशी 140 पाने. फॉण्टचा संच संगणकाच्या पाठीस लावावयाच्या कुलपावर चाले, आणि ते कुलूप जुन्या यंत्राबरोबर भंगारात गेले होते. ह्यात काही शोधता येईना. अकारविल्हे लावता येईना, कारण 'किनारा' क मध्ये नव्हता, वेलांटीत होता.

पुष्कळ खटपटीनंतर त्याच घराण्याच्या फॉण्टचे एक रूपांतर-कोष्टक हाती लागले. पण ते हिंदीसाठी केलेले. पाने वाचनीय झाली. परंतु हिंदीस चंद्रकोरी र नाही. कोष्टकात त्या तुकड्याची जागा रिकामी होती, आणि तो जेथे जेथे आला तेथे तेथे गळून पडला. 'वाऱ्यावर' चे 'वायावर' झाले, 'पायऱ्या' चे 'पायया', 'अधिकाऱ्यांनी' चे 'अधिकायांनी'. आम्ही दोघांनी रविवारी बसून ते हातांनी भरले. बहुतेक ठिकाणी अर्थावरून निर्णय सहज होई. मूळ क्रमांक पाहून खात्री करावी, तर ज्या प्रतीवर रूपांतर केले ती आमच्याच हातून मूळ फाइलीवर जतन झाली होती, आणि तबकडीचा तेवढा भाग दुसऱ्यांदा वाचता आला नाही. हा दोष सर्वस्वी आमचा.

ईशान्येकडील एका डोंगराळ जिल्ह्याच्या प्रकरणाचा शेवट त्यांनी एका वाक्याने केला आहे: 'तेथील दया मी विसरलो नाही.' त्यांनी दया लिहिले होते की दऱ्या? बाईंनी सांगितले, की त्या बदलीत वडील विषमज्वराने महिनाभर अंथरुणास खिळले होते आणि शेजारच्या कुटुंबाने त्यांची शुश्रूषा केली. शिवाय तेथील दऱ्यांची छायाचित्रे त्यांनी अखेरपर्यंत भिंतीवर लावून ठेवली होती. तो शब्द आम्ही होता तसाच ठेवला आणि समासात पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह केले.